नाशिकात आनंदवल्ली ते रविवार कारंजा सायकलने: गोदापार्क की गंगापूर रोड?

आनंदवल्लीकर:
साडेनऊला रविवार कारंजाला पोचायचं असतं. गिअरची एमटीबी (माउंटन बाइक), २६ × १.९५ टायर, व्ही-ब्रेक (रिमवर रबर दाबणारे). गोदापार्कातून नदीकाठाने यावं की सरळ गंगापूर रोड धरावा? पाऊस पडला की मागचा ब्रेक खरखरतो, त्याचं काय करू?

पायडल_पंचवटी:
घड्याळाला बांधलेलं असाल तर गंगापूर रोड. गोदापार्क रविवारी सकाळी. काठाची वाट सलग नाही, फिरायला आलेली मंडळी असतात, आणि पुरानंतरचा ओला गाळ म्हणजे साबणच.

रस्त्यावरचा खरा त्रास जेहान सर्कल, विद्या विकास सर्कल आणि जुना गंगापूर नाका इथे. सर्कलला सरळ जायचं असताना डावी कड धरून राहिलात, तर डावीकडे वळणारी रिक्षा तुम्हाला ओलांडून तुमच्याच पुढ्यात वळते. वीसेक मीटर आधी मागे बघा, हात दाखवा, लेनच्या मधोमध या. सर्कल ओलांडलं की परत डावीकडे. उभ्या गाड्यांपासून मीटरभर लांब राहा, दार तेवढं उघडतंच. थांब्यावर बस असेल तर डावीकडून घुसू नका. अशोक स्तंभाच्या पुढे गर्दीत हलका गिअर आधीच लावून ठेवा. थांबल्यावर व्ही-ब्रेकची नाही, पायाची परीक्षा होते.

स्पोकवाला:
खरखर म्हणजे ब्रेकच्या रबरात वाळू आणि रिमचा अॅल्युमिनियमचा कीस रुतलाय. तसंच चालवलं तर रबर नाही, रिम झिजते, आणि रिम महाग. चाक काढा, रबरातले चमकणारे कण सुईने उकरा, वरचा थर पॉलिश पेपरने घासा, रिम स्पिरिटच्या फडक्याने पुसा. रबरावरच्या खाचा बुजल्या असतील तर जोडीच बदला. बसवताना रबराचं पुढचं टोक रिमला आधी टेकू दे, मागे १ मिमी फट. ओल्या रिमवर पहिला फेरा पाणी पुसण्यातच जातो, म्हणून ब्रेक लवकर आणि हलका लावायला सुरुवात करा.

हवा ४०-४५ पीएसआय पुरे, पण टायरच्या कडेवर छापलेली मर्यादा आधी वाचा. चेन पुसून प्रत्येक कडीला एक थेंब चेनचं तेल, मुरल्यावर बाहेरचं पुसून टाका. शिलाई मशीनचं तेल एका सरीत धुऊन जातं. गाडी धुण्याचा जोरदार फवारा हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) मारू नका, आतलं ग्रीस निघतं.

गोदाकाठ:
पावसाळ्यात घाटावरून जायचा मोह झालाच तर विसर्ग, म्हणजे सेकंदाला किती पाणी वाहतंय, ते पाहा. १ क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. नुसता गंगापूर धरणाचा आकडा पुरत नाही; धरणाखालचे नाले-ओढेही नदीला मिळतात, म्हणून होळकर पुलापाशीचा आकडा महत्त्वाचा. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या पायाला पाणी लागलं की घाटाचा विचार सोडा. पाणी उतरलं तरी फरशीवर शेवाळ राहतं, तिथे वळताना ब्रेक दाबू नका.

आनंदवल्लीकर:
आणि संध्याकाळी परत येताना?

पायडल_पंचवटी:
तेव्हा तोंड पश्चिमेला. मावळतीचं ऊन तुमच्याइतकंच मागून येणाऱ्याच्याही डोळ्यांत, त्यामुळे त्याला तुम्ही दिसत नाही. मागचा लाल दिवा उजेडातच चालू करा आणि मडगार्डच्या चिखलाने तो झाकला जात नाही ना, एवढं बघा.