प्रायव्हसी सांभाळणारी व्हिडिओ डोअरबेल कुठली घ्यावी?

सिंहगडरोडकर
जुन्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. आई ७४ वर्षांची, दिवसभर घरी एकटी. मॅजिक आयमधून तिला आता नीट दिसत नाही, त्यामुळे बेल वाजली की सरळ दार उघडते. व्हिडिओ डोअरबेल लावायची आहे. अडचण अशी की समोरच्यांचं दार आमच्या दारापासून पाच फुटांवर. त्यांच्याकडे कोण आलं-गेलं हे माझ्या मोबाइलमध्ये साठत राहणं मला पटत नाही. आमचं फुटेजही कंपनीच्या सर्व्हरवर नको. बजेट दहा-बारा हजार. काय घेऊ?

नाशिकचा_वायरमन
आधी हे ठरवा: ऑफिसमधून तुम्हाला बघायचंय, की घरात आईंना दिसलं म्हणजे झालं?
आईंपुरतंच असेल तर स्मार्ट बेलच्या फंदात पडू नका. साधा वायरचा व्हिडिओ डोअर फोन घ्या, वायफाय नसलेला. बाहेर कॅमेरा, आत भिंतीवर सात इंची स्क्रीन, मध्ये केबल. ॲप नाही, अकाउंट नाही, इंटरनेटचा संबंधच नाही. मेमरी कार्डाची जागा असेल तर ती रिकामी ठेवा. आतच फोटो साठवणारी मॉडेल्सही येतात, ती सोय बंद करता येते का ते दुकानातच बघून घ्या. आईंना मोबाइल शोधावा लागत नाही, हा मोठा फायदा.
आणि एक, परदेशी बनावटीच्या वायरच्या स्मार्ट बेल बहुतेक १६ ते २४ व्होल्टच्या असतात. आपल्याकडे बेलच्या बटणाला थेट २३० व्होल्ट येतात. ट्रान्सफॉर्मर न लावता ती बेल जुन्या तारांना कुणी जोडू नये.

नेटवर्कवाली
वरचा सल्ला पटला. तरी बाहेरून बघायचंच असेल तर खोक्यावरच्या ‘लोकल स्टोरेज’ (म्हणजे फुटेज घरातच साठतं) या शब्दांवर विसंबू नका. युफी या कंपनीची जाहिरात तशीच होती, आणि २०२२ च्या अखेरीस उघड झालं की फोटोंच्या थंबनेल, म्हणजे छोट्या प्रती, क्लाउडवर (इंटरनेटवरच्या सर्व्हरवर) जात होत्या. रिंग कंपनीच्या बाबतीत कर्मचारी आणि कंत्राटदार ग्राहकांचे खासगी व्हिडिओ बघू शकत होते, असा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांचं हित बघणारी सरकारी संस्था) २०२३ मध्ये ठेवला. ते प्रकरण ५८ लाख डॉलर देऊन मिटलं. रिंगमध्ये एंड-टू-एंड एन्क्रिप्शन (व्हिडिओ कुलूपबंद, कंपनीलाही उघडता येत नाही) आहे, पण ते आपण होऊन चालू करावं लागतं, आणि केलं की काही सोयी जातात.
मी बेल घेताना आरटीएसपी किंवा ओएनव्हीआयएफ (कंपनीच्या ॲपशिवाय दुसऱ्या रेकॉर्डरला कॅमेऱ्याचं चित्र घेता येईल अशा खुल्या पद्धती) आहे का ते बघते. रिओलिंकच्या वायरवाल्या बेलमध्ये ते मिळतं. बेल आणल्यावर राउटरमधून फक्त तिचं इंटरनेट बंद करायचं. घरातल्या वायफायवर चित्र दिसत राहिलं आणि रेकॉर्डिंगही झालं, तर ती खरी लोकल. नाहीतर परत करायची. कार्ड बेलच्या आतच असेल तर बेल उपटून नेणारा फुटेजही नेतो, म्हणून रेकॉर्डिंग घरातल्या हबवर किंवा रेकॉर्डरवर होणारी बघा.

ठाणेकर
एवढा विचार कशाला? जिन्यात सोसायटीचा सीसीटीव्ही आहेच की.

नेटवर्कवाली
जिन्यातला कॅमेरा सगळ्यांना माहीत असतो आणि कमिटीच्या ताब्यात असतो. इथे समोरच्या घरात कोण किती वाजता शिरलं, हे एका शेजाऱ्याच्या खिशात जाणार. समोर तरुण मुली राहत असतील, कुणी आजारी असेल. त्यांना विचारायलाच हवं.

रेडिंगहून_आजी
इकडे इंग्लंडमध्ये यावर खटलाच झाला. ऑक्सफर्डच्या काउंटी कोर्टाने २०२१ मध्ये डोअरबेल आणि कॅमेरे लावणाऱ्याच्या विरोधात, शेजारणीच्या बाजूने निकाल दिला. चित्रापेक्षाही आवाजाचं रेकॉर्डिंग न्यायाधीशांना जास्त आक्षेपार्ह वाटलं, कारण माइक फार लांबचं बोलणं टिपत होता. आपल्या पॅसेजमध्ये तर चपला घालता घालता घरातल्या सगळ्या गोष्टी बोलल्या जातात! आवाजाचं रेकॉर्डिंग आधी बंद करा. बऱ्याच ॲपमध्ये त्याचं वेगळं बटण असतं.
‘मोशन झोन’ आणि ‘प्रायव्हसी मास्क’ यांत घोटाळा करू नका. मोशन झोन म्हणजे हालचाल कुठे टिपायची ती जागा; त्यामुळे नोटिफिकेशन कमी होतात, पण रेकॉर्डिंग सुरू झालं की समोरचं दारही त्यात येतंच. मास्क लावला तर तेवढा भाग काळा पडतो. तुम्हाला मास्क हवा.

सिंहगडरोडकर
सगळ्यांचे आभार. ऑफिसमधून बघण्याची गरज खरं तर मलाच वाटत होती, आईला नाही. बिनवायफायचा डोअर फोनच घेतो. भोक पाडायच्या आधी समोरच्या काकूंना स्क्रीनवर काय दिसतं ते दाखवेन. कॅमेरा कुठे लावू? बाहेर सेफ्टी डोअर आहे.

नाशिकचा_वायरमन
सेफ्टी डोअरवर नको, दार आपटून आपटून केबल तुटते. चौकटीच्या बाजूच्या भिंतीवर लावा, छातीच्या उंचीवर, आणि कॅमेऱ्यामागे तिरकी पट्टी देऊन तोंड जिन्याकडे वळवा. बेल दाबणारा दिसतो, समोरचं दार बहुतेक चित्राबाहेर राहतं. स्क्रू आवळण्याआधी आईंना आत स्क्रीनसमोर उभं करून कोन ठरवा.