मदत हवी आहे: हर्निया-अपेंडिक्सच्या सेटमध्ये नेमकं काय ठेवावं?

नमस्कार मंडळी. आमच्या ओटीतले (ऑपरेशन थिएटर) अवजारांचे सेट नव्याने लावायचं काम माझ्याकडे आलंय. हर्निया, हायड्रोसील, अपेंडिक्स, गाठी काढणं, अशी रोजची ऑपरेशनं.

सर्जिकल चाकूच्या ३ नंबरच्या हँडलला १०, ११ आणि १५ ही ब्लेड बसतात, तेव्हा ४ नंबरचं हँडल प्रत्येक सेटमध्ये ठेवता का? मेट्झेनबॉम कात्री नाजूक टिश्यूसाठी. टाक्याचे धागे कापायला मेयो कात्री वेगळी ठेवते, नाहीतर धार जाते. अपेंडिक्स धरायला बॅबकॉक चिमटा हवाच, कारण अ‍ॅलिस चिमट्याचे दात रुततात.

खरी अडचण नीडल होल्डरची, म्हणजे टाके घालताना सुई धरायच्या अवजाराची. परवा त्वचेचे टाके घेताना सुई जबड्यात सारखी फिरत होती, सर दोनदा थांबले. मला फार वाईट वाटलं. नंतर कड्यांजवळच्या लॉकच्या दुसऱ्या दातावर लॉक करून पाहिलं, तर सुई बोटाने सहज वळत होती. जबडे झिजलेत. आता टंगस्टन कार्बाइडच्या (कठीण धातूच्या) जबड्यांचे, सोनेरी कड्यांचे घ्यावेत का? बारीक सुईला जबड्यावर कोणत्या दात्यांचे चांगले? आणि रक्तवाहिन्या धरायचे चिमटे, म्हणजे मॉस्किटो (लहान) आणि आर्टरी फोर्सेप्स, प्रत्येकी किती ठेवता? अनुभवी सिस्टर आणि सर्जन मंडळींनी कृपया सांगावं.