गुहागर–विजापूर रस्ता कुठून आला?

चिपळूणकर: आमच्या कुंभार्ली घाटाचा रस्ता थेट विजापूरला का नेला असेल?

घाटवाटा: उत्तर वाशिष्ठीच्या खाडीत आहे. दाभोळहून गलबतं चिपळूणजवळच्या गोवळकोट बंदरात यायची. तिथून मीठ, सुकी मासळी घाटावर. धान्य, गूळ खाली. आधी बैलांचे तांडे, मग गाड्या. घाट चढून हेळवाकला आलात की कोयना सोबत येते, ती पाटणवरून थेट कराडपर्यंत, कृष्णेला मिळेस्तोवर. हा तुकडा माझा सर्वांत आवडता, कारण इथे वाट नदीनेच आखून दिली आहे. पुढे विटा, जत, विजापूर. पाऊस झपाट्याने कमी होत जातो.

पाटणवाला: कोयना प्रकल्प विसरलात?

घाटवाटा: कसा विसरेन! धरण घाटावर, पोफळीचं भूमिगत वीजगृह पायथ्याशी. पाणी सह्याद्रीच्या पोटातून उतरतं. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात कोयनानगर उद्ध्वस्त झालं. या रस्त्याने जाताना तिथे जरा थांबाच.

चिपळूणकर: आणि राज्यमार्ग ७८ गेला कुठे?

घाटवाटा: तोच आता राष्ट्रीय महामार्ग १६६ई. पावसाळ्यात मात्र दरडींची चौकशी करूनच, उजेडात घाट चढा.