तामियाची बीटल कॅल-लूक करायचीये, पण पावसाळा, गॅलरी आणि स्प्रे यांचं जमत नाहीये

डोंबिवली_फास्ट_नाही_स्लो
नमस्कार मंडळी. मामेभाऊ जपानला कामाला असतो, तो येताना तामिया या जपानी कंपनीचं १/२४ चं (म्हणजे खऱ्या गाडीच्या २४ पट लहान) बीटलचं प्लास्टिक मॉडेल किट घेऊन आला, १९६६ ची फोक्सवॅगन १३००. आत्तापर्यंत मी फक्त विमानं केलीत आणि तीही बॉक्सवर दाखवलीत तशीच, पण ही गाडी तशी सोडायची नाहीये. कॅलिफोर्नियात पोरं करायची ना तसली, कॅल-लूक करायचीये, म्हणजे पुढून नाक खाली, बाजूच्या क्रोम पट्ट्या उडवलेल्या, बंपर गायब आणि सगळीकडे एकच भडक रंग. माझ्या डोक्यात नारिंगी आहे.
आता विचारायचंय ते असं की पट्ट्या काढताना बॉडीला ओरखडे येऊ नयेत म्हणून काय करता, आणि गाडी किती खाली घ्यायची म्हणजे खोटी वाटणार नाही. दुसरं म्हणजे रंग. हॉबीवाल्यांचे स्प्रे महाग पडतात आणि कोपऱ्यावरच्या ऑटो स्पेअर्सवाल्याकडे टचअपचा कॅन त्या मानाने स्वस्तात मिळतोय, तो चालेल का? प्लास्टिकच्या चमच्यावर गॅलरीत मारून बघितला तर वाळल्यावर पांढरट धुरकट दिसतोय. बाहेर पाऊस चालूच आहे. घरात मारायची सोय नाही, सासूबाईंना वासाने त्रास होतो.

कोल्हापुरी_लांबीवाला
ताई आमचं घरचं डेंटिंग पेंटिंगचं गॅरेज आहे त्यामुळं रंगाचं आधी सांगतो. ते पांढरं झालंय ते पावसामुळंच. तुमच्या कॅनमधला रंग लॅकर असतो, त्यातलं थिनर भराभर उडतं तेव्हा पृष्ठभाग गार पडतो, मग हवेतली वाफ त्याच्यावर बसते आणि रंग वाळताना आत अडकते, आम्ही गॅरेजात पण पावसाळ्यात रिटार्डर (थिनर हळू उडवणारं द्रव) टाकल्याशिवाय गन हातात घेत नाही. कॅनमध्ये काय टाकता येत नाही म्हणून उघडीप बघूनच मारायचा. आर्द्रता ६०-६५ टक्क्यांच्या खाली असली तर बिनधास्त. मारायच्या आधी कॅन १० मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, फवारा बारीक येतो. कोमट म्हणजे हाताला सोसवेल एवढंच, उकळतं नाही आणि गॅसजवळ तर अजिबात नाही.
टचअप कॅन चालतो पण नुसत्या प्लास्टिकवर नको. त्यातलं थिनर कडक असतं, किटच्या प्लास्टिकला, म्हणजे पॉलिस्टायरिनला खातं, बॉडीवर बारीक जाळं पडतं. आधी प्रायमरचे दोन-तीन हलके हात, नीट वाळवून मग रंग, तोही पहिले हात लांबून नुसते धुक्यासारखे. आणि मेटॅलिक घेऊ नका. खऱ्या गाडीच्या हिशोबाची चमकी असते ती, २४ पट लहान गाडीवर मारली की गाडी नाय, लग्नातला शालू दिसतो.
पट्टी काढल्यावर जिथं खड्डा राहील तिथं लांबी (खड्डे भरायची पुट्टी) एकदम पातळ लावा, जाड लावली की आतून वाळत नाही आणि महिन्याभरानं आकसून खाली बसते.

शिझुओकाकर
कोल्हापूरकरांशी बहुतेक सगळ्यात सहमत, फक्त लांबीपेक्षा मी सुपरग्लू आणि खायचा सोडा वापरीन. लगेच घट्ट होतं आणि नंतर बसत नाही. मात्र तेव्हाच्या तेव्हा घासायचं, रात्रभर ठेवलंत तर ते प्लास्टिकपेक्षा कडक होतं आणि मग आजूबाजूचं प्लास्टिकच आधी झिजतं.
पट्टी काढायची पद्धत अशी, पट्टीच्या वर आणि खाली मास्किंग टेपचे दोन-दोन थर चिकटवायचे, मग कटरचं पातं उभं धरून ओढत खरवडायचं, कापायचं नाही. किसासारखं प्लास्टिक निघत येतं. टेपच्या पातळीला आलं की थांबायचं, टेप काढायची आणि उरलेलं वॉटर पेपरने घासायचं, ४०० नंबरपासून सुरू करून १००० पर्यंत (नंबर मोठा तेवढा पेपर बारीक), पाणी लावून. बीटलची बॉडी सगळी गोल आहे त्यामुळे पेपर सपाट पट्टीला लावू नका, स्पंजच्या तुकड्याला गुंडाळा, नाहीतर दाराच्या मधोमध सपाट भाग तयार होतो आणि तो रंग मारेपर्यंत दिसत नाही.
खाली किती घ्यायची, तर खऱ्या गाडीत २ इंच म्हणजे मॉडेलमध्ये जेमतेम २ मिमी. लोक ५-५ मिमी घेतात आणि मग चाक मडगार्डमध्ये शिरतं. पुढचं एक्सल बसतं ती जागा तेवढी वर सरकवा, आधी ब्लू टॅकने (चिकट मातीसारखं, लावून परत काढता येतं) तात्पुरतं लावून चारही चाकं जमिनीला टेकतात का बघा, मगच ग्लू. मागून खाली घेणार असाल तर जुन्या बीटलला मागे स्विंग एक्सल आहे, खाली बसली की मागची चाकं वरच्या बाजूने आत कलतात. तो कल दिलात तर बघणारा म्हणेल हिला गाडी कळते.
बाय द वे मी राहतो जपानात शिझुओकाला, तामिया, आओशिमा, फुजिमी या किटवाल्या कंपन्या सगळ्या याच शहरात आणि हासेगावा शेजारच्या याइझूत. मे महिन्यात हॉबी शो असतो, क्लबवाले टेबलं भरून मॉडेल्स मांडतात. भावाला म्हणावं एकदा ये. स्प्रे कॅन मात्र विमानातून आणायला सांगू नका, एअरपोर्टवर काढून घेतील.

डोंबिवली_फास्ट_नाही_स्लो
बापरे किती डिटेल, दोघांनाही थँक्यू. शालू वाचून हसू आलं 😄 पण एक शंका, पेणला गणपती भर पावसाळ्यात रंगवतात की, मग माझ्या बीटलनेच काय घोडं मारलंय? आणि किटमधल्या क्रोमच्या पार्ट्सचं काय करू, हबकॅप मला बॉडीच्या रंगात हव्यात.

कोल्हापुरी_लांबीवाला
पेणला बरंचसं काम पाण्याच्या रंगात ओ ताई, तो पावसात नुसता उशिरा वाळतो, पांढरा पडत नाही. हे सगळं लॅकरचं दुखणं. तुम्हाला थांबायचंच नसेल तर ॲक्रिलिक ब्रशने किंवा एअरब्रशने मारा, पण बीटलसारख्या गुळगुळीत गाडीवर ब्रशचे फराटे दिसणार म्हणजे दिसणार.

शिझुओकाकर
क्रोम म्हणजे ॲल्युमिनियमचा वाफेने चढवलेला पातळ थर असतो, कपड्यांच्या ब्लीचमध्ये बुडवून ठेवलं की निघून जातो. खाली एक पारदर्शक लॅकर राहतं, ते हलकं घासून घ्या. प्लास्टिकचा डबा, हातात ग्लोव्हज, खिडकी उघडी, आणि त्या ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनरचा थेंबही जाऊ देऊ नका, क्लोरीन वायू तयार होतो. हे गंमत म्हणून सांगत नाहीये. बाकी बॉडी आणि सगळे पार्ट भांड्यांच्या लिक्विडने धुऊन घ्या, साच्याचं तेल राहिलं की प्रायमर धरत नाही.

मुलुंड_चेकनाका
उशिरा आलो. काचांना सुपरग्लू लावू नका, वाफेने काच आतून पांढरी होते आणि मग साफ करायला हात जात नाही. साधा फेविकॉल लावा, वाळला की दिसतही नाही. बाकी बंपर काढून टाकणाऱ्यांशी माझं पटत नाही, बीटलचं अर्धं रूप बंपरमध्ये आहे, पण गाडी तुमची.

डोंबिवली_फास्ट_नाही_स्लो
बंपर डबीत जपून ठेवते, मन बदललं तर लावीन. ठरलं मग, आत्ता पावसात घासकाम, पट्ट्या, एक्सल उरकते आणि रंग दसऱ्याच्या आसपास ऊन पडलं की. घरात प्रायमर ग्रे पडलाय तोच मारते.

कोल्हापुरी_लांबीवाला
थांबा थांबा, नारिंगीच्या खाली ग्रे नको! नारिंगी, पिवळा, लाल हे रंग झाकत नाहीत, खालचा ग्रे वर येतो आणि गाडी मातकट दिसते. ग्रे मारा तो फक्त ओरखडे शोधायला, मग त्याच्यावर पांढरा, मग नारिंगी. आणि बॉनेटच्या कडेला, मडगार्डच्या धारेला आधी एक हलका हात, तिथंच रंग पातळ राहतो.