लॅपटॉपला सिक्युरिटी कीचा पिन चालत नाहीये

ऑफिसच्या विंडोज लॅपटॉपला यूएसबी सिक्युरिटी कीने (पेनड्राइव्हसारखी छोटी, लॉगिनसाठी लावायची) लॉगिन करते, सकाळी घाईत तीनदा पिन चुकला आणि आता बरोबर टाकला तरी घेतच नाहीये, दुपारी मीटिंग आहे, प्लीज सांगा कोणीतरी!

>> घाबरू नका. लागोपाठ ३ चुका झाल्या की सिक्युरिटी की स्वतःच थांबते, काढून परत लावा मग पिन टाका. पण एकूण ८ चुकले तर पिन ब्लॉकच होतो, मग रीसेट, आणि रीसेट केलं की त्यातली सगळी लॉगिन्स उडतात, सो अंदाजाने अजिबात टाकू नका.

>> नमलॉक बघा आधी, माझं त्यानेच व्हायचं

>> झालं चालू!! काढून लावली फक्त. खूप थँक्यू 🙏

>> ताई आता दुसरी की पण रजिस्टर करून घरी ठेवा, खरंच.