मदत हवी आहे: बागेपर्यंतचं खरं अंतर कसं मोजावं?

वॉर्डनिहाय हिरव्या जागांचा नकाशा करतेय. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयाचा निकष घेतलाय: घरापासून सरळ रेषेत ३०० मीटरच्या आत किमान अर्धा ते एक हेक्टर जागा. क्यूजीआयएस या नकाशे करायच्या सॉफ्टवेअरमध्ये तसं बफर (बागांभोवती ३०० मीटरचा पट्टा) काढलं, तर जवळजवळ सगळ्या वस्त्या आत आल्या. पण मध्ये रेल्वेमार्ग, नाला असतो आणि बागेचं फाटक भलत्याच बाजूला! म्हणून फाटकं स्वतः फिरून नोंदवली आणि ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून केलेल्या मोफत नकाशातल्या रस्त्यांवरून अंतर काढलं. तिथे दाट वस्तीतल्या गल्ल्याच नाहीत. म्हणजे ज्यांना बागेची सर्वांत जास्त गरज, तेच नकाशातून गळतात. सशुल्क डेटा परवडणार नाही, दोघीच आहोत. सगळ्या गल्ल्या न आखता त्या घरांचं चालण्याचं अंतर विश्वासार्हपणे कसं काढता येईल?