स्थानिक कामगारांना पाहुण्यांच्या स्वागताचं प्रशिक्षण: सुरुवात कुठून करावी?

काठावरचा

नमस्कार मंडळी. एका छोट्या पर्यटनस्थळाचं रोजचं कामकाज मी बघतो. तलाव, नौका, राहायच्या मोजक्या खोल्या, तिकीट खिडकी आणि स्थानिकांच्या भाड्याच्या गाड्या. कामाला सगळे आजूबाजूचेच. मेहनती आहेत आणि प्रामाणिकही. पाहुण्याचा विसरलेला मोबाइल दुसऱ्या दिवशी बिनबोभाट परत मिळतो. पण तोच पाहुणा समोर आला की तोंड मिटून उभे राहतात. काही विचारलं तर 'तिकडं विचारा' म्हणून मोकळे होतात. नेटवर कुणी 'स्टाफ उद्धट आहे' असं लिहिलेलं वाचलं की मला लागतं, कारण ही माणसं उद्धट नाहीत.

गेल्या हंगामाआधी बाहेरून प्रशिक्षक बोलावले होते. दिवसभर पडद्यावर स्लाइड, उभं कसं राहायचं, कधी हसायचं, इंग्रजीतली पाठ करायची वाक्यं. शेवटी प्रमाणपत्रं आणि ग्रुप फोटो. थोड्याच दिवसांत सगळं पुन्हा होतं तसं. एक नावाडी मला म्हणाला, "साहेब, ते उगाच हसायचं जमत नाही आम्हाला, लाज वाटते."

यंदा मला हे नीट करायचंय. कुठून सुरुवात करू? वर्ग घ्यायचे की कामावरच शिकवायचं? ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी सविस्तर लिहा, ही विनंती.

देवडी

मी रिसेप्शनवर उभी राहून या धंद्यात आले आणि आता लहान ठिकाणच्या कामगारांना शिकवते. त्यामुळे जरा लांबलचक लिहिते, सांभाळून घ्या.

नावाड्याला लाज वाटते ती खरी आहे. त्यावर आणखी हसायला शिकवणं हा उपाय नव्हे. हसू आतून येतं ते समोरच्याची अडचण दिसल्यावर. ती दिसायला शिकवा, चेहऱ्याचं त्याचं तो बघेल.

पहिला दिवस वर्गात घालवू नका. त्यांना पाहुणा करा. तुमच्या कामगारांपैकी बरेच जण जिथं कुणीच ओळखीचं नाही अशा जागी, पैसे मोजून, रात्री मुक्कामाला कधी गेलेलेच नसतील. मग दमून आलेल्या माणसाला काय हवं असतं ते त्यांना कळणार कुठून? दोघादोघांच्या जोड्या करा. हातात भरलेल्या बॅगा द्या, फाटकाबाहेर उभं करा आणि सांगा, तुम्ही लांबून आलात, इथलं काहीही ठाऊक नाही, आत या. बाकीच्यांनी फक्त बघायचं.

एका ठिकाणी सफाईचं काम करणाऱ्या एक मावशी अशा आत आल्या. रोज त्याच फाटकातून येणाऱ्या. दोन सारखीच दारं, एकावरही पाटी नाही, बॅग जड. त्या मधोमध थांबल्या. टेबलामागचा मुलगा नोंदवहीत काहीतरी लिहीत होता, त्यानं लिहून होईपर्यंत मान वर केली नाही. मावशी म्हणाल्या, "अरे, मी आलेय हे तरी बघ!" सगळे हसले, तो मुलगा मात्र गप्प झाला. त्याला आता कुणी काही शिकवायची गरज नव्हती. मग त्यांचं त्यांनीच बोलून ठरवलं: माणूस दिसला की हातातलं काम थांबवून आधी मान वर. बॅगेला हात लावण्याआधी विचारायचं. आणि नोंदवही पुढे करण्याआधी स्वच्छतागृह दाखवायचं. हे शेवटचं मावशींनी सुचवलं. तासन्तास गाडीत बसून आलेल्या माणसाला आधी तेच हवं असतं, आणि आपण त्याच्याकडे ओळखपत्राची झेरॉक्स मागत बसतो.

१९८०च्या दशकात स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सचे प्रमुख यान कार्लझॉन यांनी एक हिशेब मांडला होता. वर्षाला एक कोटी प्रवासी, प्रत्येकाची सुमारे पाच कर्मचाऱ्यांशी गाठ पडते आणि दर गाठ सरासरी १५ सेकंदांची. त्या पंधरा-पंधरा सेकंदांत कंपनी चांगली की वाईट हे प्रवासी ठरवतो, असं त्यांचं म्हणणं. तुमच्याकडेही वेगळं नाही. फाटक, खिडकी, धक्का, गाडी, खोली. म्हणून शिकवायचं ते या जागांवर उभं राहून, त्या त्या जागेचं.

नावाड्याचंच घ्या. त्याला इंग्रजी नको आणि भाषणही नको. पाहुणा धक्क्यावर का घुटमळतो? नाव हलतेय आणि पाय कुठं ठेवायचा ते त्याला कळत नाही. आपल्या माणसाला पाण्यातच वाढल्यामुळे यात सांगण्यासारखं काही वाटत नाही. त्यानं एवढंच करायचं: नाव धक्क्याला घट्ट धरायची, आपला पाय नावेच्या मधल्या फळीवर ठेवून दाखवायचा, "इथं पाय ठेवा, मग बसा, उभं राहू नका" असं म्हणायचं आणि हात पुढे करायचा. हात धरायचा की नाही ते पाहुणा ठरवेल. लाइफ जॅकेट नुसतं फेकायचं नाही, पट्टा लावून होईपर्यंत थांबायचं. फेरी किती वेळाची आहे ते निघण्याआधी सांगायचं. यात कुठंही खोटं हसणं नाही, तरी घाबरलेली बाई निश्चिंत होते आणि आपसूक त्याच्याशी बोलायला लागते.

आता 'तिकडं विचारा'. माणूस असं म्हणतो कारण चुकीचं सांगितलं तर बोलणी खावी लागतील ही भीती असते. त्याला 'मला नक्की माहीत नाही' म्हणायची मुभा द्या, पण त्यापुढचं पाऊल सक्तीचं करा: "थांबा, विचारून सांगतो", किंवा चार पावलं सोबत जाऊन ज्याला माहीत आहे त्याच्यापाशी सोडायचं. आणि हे सफाईवाल्या बायकांनाही शिकवा हो! रिसेप्शनपेक्षा जास्त रस्ते त्यांनाच विचारले जातात, कारण व्हरांड्यात त्याच असतात. बहुतेक प्रशिक्षणांत त्यांना बोलावतच नाहीत, याचा मला मनापासून राग येतो.

वाईट बातमी द्यायचा सरावही हवा. वारा सुटलाय, नौका बंद. हे कुठं सांगायचं? खिडकीवर, पैसे घेण्याआधी. रांगेत उभं राहून, मुलांना तयार करून धक्क्यावर पोहोचलेल्या माणसाला नावाड्यानं नुसता हात हलवून 'बंद' म्हणायचं, यातूनच ते 'उद्धट' येतं. कारण सांगा, अंदाजे कधी सुरू होईल ते सांगा, तोवर काय बघता येईल तेही सांगा. आपल्या रोजच्या बोलीत, मोठ्यानं, एकमेकांसमोर म्हणून बघायला लावा. पहिल्यांदा सगळे अडखळतात, मग जमतं.

शिफ्टकरी

देवडीताई, पटलं. पण मी त्या टेबलामागचा मुलगा आहे असं समजा आणि माझी बाजू ऐका.

मान वर होत नाही कारण तेवढ्यात नोंद पुरी झाली नाही तर वरून ओरडा बसतो. हंगामात सलग दोन पाळ्या होतात. बसायला स्टूल नसतं, कारण 'बसलेला बरा दिसत नाही'. आणि पाहुणा चढ्या आवाजात बोलला की आमचा साहेब त्याच्यासमोर आम्हालाच झापतो. दुसऱ्या दिवशी तोच साहेब आदरातिथ्यावर व्याख्यान ठेवतो. माणसाला जसं वागवाल तसंच तो पुढे वागवणार ना?

काठावरचे, आधी मालकांचं एक सत्र घ्या. आणि कामगारांना हे नक्की सांगा की पाहुणा शिवी देत असेल, पिऊन आला असेल, बायकांशी लगट करत असेल तर तिथं स्वागत संपतं आणि तुम्ही त्यांच्या बाजूनं उभे राहाल. माझ्या जुन्या ठिकाणी हे कुणीच सांगितलं नव्हतं. एका सहकारी मुलीनं पाहुण्याची तक्रार केली तर तिलाच 'जरा गोड बोलून निभावून न्यायचं' असं ऐकावं लागलं. महिना भरायच्या आत तिनं काम सोडलं.

पायवाट

मी फक्त फिरणारी, त्यामुळे पाहुण्यांच्या बाजूनं एक सांगते. आईला घेऊन एका डोंगराळ ठिकाणी गेले होते. ड्रायव्हर अबोल होता. पण निघतानाच म्हणाला, "पुढं अर्धा तास वळणं आहेत, आजींना पुढच्या सीटवर बसवा, काच थोडी खाली ठेवा." मग मधे एकदा, "आता शेवटची तीन वळणं." बस्स, एवढंच बोलला. त्या प्रवासातलं हॉटेल मला आठवत नाही, तो ड्रायव्हर आठवतो. तुमच्या गाडीवाल्यांना 'किती राहिलं' हे न विचारता सांगायला शिकवा. आणि आईशी बोलायचं असेल तर आईशीच बोलायला. म्हाताऱ्या माणसांबद्दल सगळे त्यांच्या डोक्यावरून आम्हाला विचारतात, तिला ते फार झोंबतं.

काठावरचा

मनापासून आभार. शिफ्टकरी, स्टूलचं लिहिलंत ते वाचून उठून खिडकीवर बघून आलो. आमच्याकडेही नाहीये. उद्याच ठेवतो.

देवडीताई, दोन शंका. एक, हंगाम तोंडावर आहे, पाच-सहा दिवसांचं शिबिर घ्यायला माणसं मोकळी होत नाहीत. दोन, हे सगळं टिकवायचं कसं? मागच्या वेळी तिथंच घोडं अडलं.

देवडी

शिफ्टकरींचं म्हणणं माझ्या सगळ्या लिखाणाच्या आधी वाचा. १९८३ साली समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी विमानातल्या सेविकांच्या कामाचा अभ्यास मांडला आणि त्याला 'भावनिक श्रम' म्हटलं. मनात एक आणि चेहऱ्यावर दुसरं असं दिवसभर वागवणं हेही कामच आहे, आणि ते थकवतं. ओझी उचलणाऱ्याला विसावा लागतो हे सगळ्यांना कळतं, हसत उभ्या असलेल्या माणसालाही तो लागतो हे कळत नाही. पाहुण्यांच्या नजरेआड बसायला एक जागा आणि आलटून-पालटून थोडी सुट्टी, हे प्रशिक्षणाच्या खर्चातच धरा.

शिबिराची गरज नाही. फाटकाचा तो खेळ एका दुपारी होतो. त्यानंतर रोज पाळी सुरू होताना उभ्या-उभ्या पंधरा मिनिटं. रिट्झ-कार्लटन हॉटेलांत दर पाळीआधी अशी छोटी बैठक होते आणि जगभर तिची नक्कल करतात. काल कुठं माणूस अडकला, आज कोण येणार आहे, नौका चालू की बंद, बस्स. एका दिवशी एकच प्रसंग करून बघायचा. भाषण द्यायचं नाही. तुम्ही कमी बोला, नावाड्यालाच सांगू द्या की काल काय झालं.

टिकण्याचं म्हणाल तर दोन गोष्टी. चांगलं केलेलं दिसलं पाहिजे. जपानमध्ये टोकियो स्थानकावर शिंकानसेन, म्हणजे तिथल्या बुलेट ट्रेन, साफ करणारी टेसेई नावाची कंपनी आहे. गाडी थांबते बारा मिनिटं. उतरणं-चढणं वजा जाता सफाईला उरतात सात. पूर्वी या कामाकडे कमीपणानं बघितलं जायचं. मग गणवेश उठून दिसणारे झाले, माणसं गाडीला आणि प्रवाशांना वाकून नमस्कार करू लागली आणि कुणी केलेली बारीकशी चांगली गोष्टही पर्यवेक्षक लिहून ठेवू लागले. आपण चुकांचीच वही ठेवतो. तुम्ही दुसरी वही ठेवा, आणि रोजच्या बैठकीत त्यातलं एक नावानिशी वाचा. फक्त खरं असेल तेच लिहा, उगाच केलेली स्तुती माणसाला लगेच कळते.

दुसरी गोष्ट अधिकाराची. रिट्झ-कार्लटनमध्ये पाहुण्याची अडचण सोडवायला कुठलाही कर्मचारी साहेबाला न विचारता २,००० डॉलरपर्यंत खर्च करू शकतो. तेवढं कुणीच तुमच्याकडे मागत नाही. पण नौका बंद पडली तर तिकिटाचे पैसे खिडकीवरच्या बाईला जागच्या जागी परत देता आले पाहिजेत. ओली चादर दिसली तर खोलीवाल्याला किल्लीसाठी तिघांकडे जावं लागू नये. हातात काहीच नसलेला माणूस 'तिकडं विचारा' म्हणणारच, त्याला दुसरं काय म्हणता येणार?

त्या लाजऱ्या नावाड्याला बोलका करायच्या मागे लागू नका. धक्क्यावर बोलक्या माणसाशी त्याची जोडी लावा. तो फळीवर पाय ठेवून दाखवील आणि नाव स्थिर धरील, तेवढंही पुष्कळ आहे.

काठावरचा

परताव्याचा अधिकार मालकांकडून लेखी घ्यावा लागेल, तोंडी दिलेलं हंगामात विसरतात. कसं लिहावं?

देवडी

चार ओळी पुरतात. "पाण्याच्या, वाऱ्याच्या किंवा नौकेच्या कारणानं फेरी झाली नाही, तर खिडकीवरचा कर्मचारी पूर्ण तिकिटाचे पैसे लगेच परत करील. त्यासाठी कुणाची परवानगी लागणार नाही. वहीत वेळ, कारण आणि रक्कम लिहील. या निर्णयाबद्दल नंतर त्याला जाब विचारला जाणार नाही." शेवटची ओळ ते काढायला सांगतील, काढू देऊ नका. सही झाली की खिडकीच्या आतल्या बाजूला, बसल्या जागी वाचता येईल असा कागद चिकटवा.